आपाची मोहलत

गेल्या महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत भेटायला आली. वर्गात सर्वांत आधी हात वर करणारी ही मुलगी आता बी.एस्सी. झाली आहे, तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये नोकरी करते. तिची मंगनी झाल्याचं आम्हाला माहीत होतं. "निकाह कधी?" असं आम्ही सहज विचारलं आणि तिचा चेहरा उतरला.

मुलगा जहाजावर नोकरीला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कितीतरी जहाजं सुएझचा जवळचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. त्यात बदलीचा माणूस वेळेवर मिळत नाही, म्हणून याला उतरता येत नाही. घरच्यांनी दोनदा हॉल घेतला, दोनदा सोडला. आता मुलाकडून निरोप आलाय की मोबाईलवर व्हिडिओ लावून निकाह उरकून टाकू, रुखसती तो आल्यावर. म्हणजे मुलगी "पक्की" होईल.

"टीचर, मी काय करू?" ती म्हणाली. "अब्बा म्हणतात, हो म्हणून टाक. अम्मी म्हणते, थांब. मला मात्र कुणी विचारलेलंच नाही."

आम्ही तिला त्या दिवशी चहा पाजला आणि पुढच्या जुम्याला परत ये म्हणून सांगितलं. तिचं शेवटचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. कारण हेच वाक्य आम्ही एकदा आमच्या घरात ऐकलं होतं. तेव्हा आम्ही सहावीत होतो.

आमच्या थोरल्या बहिणीची, आपाची, मंगनी १९९० च्या फेब्रुवारीत झाली. मुलगा खाडीपलीकडच्या गावचा, कुवेतला एका बकाल्यात कामाला. बकाला म्हणजे तिकडचं किराणा दुकान. आमच्या भागात हा शब्द सांगावा लागत नाही, कारण घरटी एक माणूस आखातात. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि पुढच्या दाराला तिकडून आणलेलं कुलूप, अशी आमची सगळी वस्ती. मुलगा सुट्टीवर आला होता. बघणं झालं, मंगनी झाली, आणि रमज़ान लागायच्या आत तो परत गेला. मालकाने डिसेंबरात महिनाभराची रजा कबूल केली होती, म्हणून निकाह डिसेंबरात ठरला.

आपा आणि ते एकमेकांशी एक शब्दही बोललेले नव्हते. त्या काळी ती रीतच नव्हती. पण बकरी ईदीला त्यांच्या अम्मी ईदी घेऊन आल्या: एक जोडा, हिरव्या काचेच्या बांगड्या, मेहंदी, मिठाई, आणि जोड्याच्या घडीत ठेवलेली एक कॅसेट. आखातातली माणसं तेव्हा पत्रापेक्षा कॅसेट भरून पाठवत. लिहिता न येणाऱ्याचीही सोय होई आणि घरच्यांना आवाज ऐकायला मिळे. या कॅसेटमध्ये त्यांनी अम्मीला, बहिणींना, चाचांना, शेजाऱ्यांना नावं घेऊन सलाम केला होता. शेवटी थोडं थांबून म्हटलं होतं, "आणि अजून कुणी ऐकत असेल तर त्यांनाही." ही कॅसेट आपाकडे यावी म्हणून त्यांच्या धाकट्या बहिणीने काय काय खटपट केली, ते तिलाच माहीत.

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. मुहर्रमचा महिना. रात्री अब्बा दुकान बंद करून आले (अब्बांचं गावात शिवणकामाचं दुकान होतं) आणि त्यांनी रेडिओवर बीबीसी उर्दू लावलं. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशात कुवेत शोधून दाखवला. बोटाच्या नखाएवढा देश. पण त्या नखाएवढ्या देशात सुमारे १ लाख ७० हजार भारतीय होते आणि त्यांतली कितीतरी घरं आमच्या रत्नागिरी-रायगडातली.

टेलिफोन बंद, टपाल बंद. इराकने कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवला, म्हणजे बाजारात त्याची किंमतच गेली. माणसाने दहा वर्षं गादीखाली जमवलेली पुंजी एका आठवड्यात कागद झाली. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले आणि भारतीयांच्या सुटकेचा मार्ग निघाला. मार्ग कसला, वनवासच होता: कुवेतहून बसने बसरा, बसऱ्याहून बगदाद, बगदादहून वाळवंटातून जॉर्डनची सरहद्द. तिथे ऑगस्टच्या उन्हात हजारो माणसं तंबूत, कुणी तंबूशिवाय, पाण्याच्या टँकरची वाट बघत पडलेली. पुढे अम्मानहून एअर इंडियाचं विमान. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर, ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं झाली आणि १ लाख ११ हजारांहून जास्त माणसं परत आली. प्रवासी विमानांनी इतकी माणसं बाहेर काढल्याचं उदाहरण जगात दुसरं नाही, म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद आहे.

मुंबईहून येणाऱ्या रातराणीची तेव्हा अख्खा गाव वाट बघे. पहाटे नाक्यावर बस थांबली की बायका ओढणी सावरत धावत. कोण उतरलं? दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, हातात एक पिशवी. ज्याचा माणूस उतरे त्याच्या घरात रडारड, ज्याचा नाही त्याच्याही घरात रडारड. आपा नाक्यावर जाऊ शकत नव्हती. मंगनी झालेल्या मुलीने होणाऱ्या नवऱ्याची वाट बघायला नाक्यावर उभं राहायचं, हे कसं दिसेल? म्हणून आम्हाला पाठवत. आम्ही रोज पहाटे जात असू आणि येऊन नुसती मान हलवत असू.

ऑक्टोबरात शेजारच्या गावचा एकजण परतला. त्याने एक चिठ्ठी आणली, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर लिहिलेली. "मी खैरियतने आहे. मालक सौदीला गेले आहेत. दुकानात राहतो. इन्शाअल्लाह येईन." बस, एवढंच. चिठ्ठी त्यांच्या अम्मीच्या नावे होती. आपाला ती दुसऱ्या दिवशी दाखवण्यात आली आणि लगेच परत नेण्यात आली.

त्यानंतर काहीच नाही. उड्डाणं बंद झाली. डिसेंबर आला. निकाहाची ठरलेली तारीख आली तशी गेली. त्या दिवशी अम्मीने कारण नसताना शीरखुर्मा केला होता आणि कुणी खाल्ला नाही.

मग बोलणी सुरू झाली. त्यांच्या घरी आलेल्या कुणीतरी म्हटलं की मंगनी झाली आणि पोरावर आफत आली, मुलीचा पायगुण बघायला हवा होता. सद्दाम हुसेन यांनी सैन्य पाठवलं ते जणू आपाच्या पायगुणामुळे! आज हसू येतं. तेव्हा आपाने तीन दिवस भाकरीला हात लावला नव्हता. बदशकुनी मानायला आपल्या दीनमध्ये जागा नाही हे वाज़मध्ये सगळेच ऐकतात, मान डोलावतात, आणि घरी येऊन पोरीचे पाय बघतात.

त्याच सुमारास रत्नागिरीहून एक स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, घर चांगलं. मध्यस्थ म्हणाला, "त्याचं काही खरं नाही. जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही. मुलगी वीस वर्षांची झाली."

एका रविवारी आमच्या पडवीत बैठक बसली. अब्बा, दोन चाचा, मामू, जमातीचे एक बुजुर्ग आणि मशिदीचे मौलाना. आतल्या खोलीत अम्मी, फुफी आणि मोठ्या खाला. आपा चुलीपाशी. आम्ही चहाची ट्रे घेऊन आत-बाहेर करत होतो, म्हणून दोन्हीकडचं ऐकलं.

अब्बा म्हणाले, "मी ज़बान दिली आहे. मुलगा संकटात असताना मोडली तर लोक काय म्हणतील? आणि अल्लाहला काय जवाब देऊ?" चाचांचं म्हणणं उलट, पोरीचं आयुष्य ज़बानीवर टांगून ठेवायचं का? दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच तिढा सुटत नव्हता.

मौलानांनी जे सांगितलं ते आम्हाला तेव्हा अर्धंच कळलं. पुढे शिकताना पूर्ण कळलं. मंगनी हा वायदा आहे, अक्द नव्हे. मंगनीने कुणी पती-पत्नी होत नाही, दोघं एकमेकांना ना-महरमच राहतात. वायदा कारणाशिवाय मोडणं चांगलं नाही; पण कारण असेल तर दोन्हीपैकी कोणतीही बाजू मागे येऊ शकते, त्याला ना तलाक लागतो ना इद्दत. मात्र एक गोष्ट त्यांनी बजावली. एकाचा पैगाम उभा असताना दुसऱ्याचा पैगाम पुढे करायला हदीसमध्ये मनाई आहे. म्हणजे रत्नागिरीच्या माणसांशी बोलायचं असेल तर आधी इकडे साफ सांगा. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका.

इथे थोडं विषयाला सोडून सांगतो, कारण आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. निकाह झाल्यावर पती बेपत्ता झाला तर पत्नीने किती थांबायचं, यावर आपल्या फिकहमध्ये पुष्कळ विचार झाला आहे. जुन्या हनफी मतानुसार तिला जवळजवळ आयुष्यभर थांबावं लागे. मालिकी मतात चार वर्षांची मुदत आहे. अशा अडकून पडलेल्या स्त्रियांची हालत पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी गेल्या शतकात मालिकी मताचा आधार घेऊन वाट मोकळी केली, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात चार वर्षं पतीचा पत्ता नसेल तर पत्नीला न्यायालयात जाता येईल, असं कलम आलं. म्हणजे पत्नीसाठी मुदत आहे, कायदा आहे, काज़ी आहे. मंगनी झालेल्या मुलीसाठी काहीच नाही. नाही, कारण तिची गरजच नाही. ती मोकळी आहे. पण ती मोकळी आहे हे तिला कुणी सांगत नाही. किताबात मोकळी आणि घरात बांधलेली, अशी तिची अवस्था.

बैठकीत हे सगळं चाललेलं असताना आतून मोठ्या खालांचा आवाज आला. "पोरीला विचारलंत का?"

पडवीत शांतता. खाला पुरुषांच्या बैठकीत कधी बोलत नसत. त्या अम्मीहून बऱ्याच मोठ्या. बिजवराशी लग्न केलेल्या, सावत्र मुलं वाढवलेल्या, कमी बोलणाऱ्या. "निकाहाला तिची रजामंदी लागते ना मौलाना? मग थांबायला नको का? तुम्ही थांबा म्हणा नाहीतर मोडा म्हणा. दिवस तिचे जाणार आहेत."

खालांना हे बोलायचा अधिकार का होता, ते घरातल्या मोठ्यांना माहीत होतं. आम्हाला त्या रात्री अम्मीने सांगितलं.

खालांची मंगनी १९६४ मध्ये त्यांच्या मामूंच्या मुलाशी झाली होती. मामूंचं कुटुंब फाळणीच्या आधीपासून कराचीला. फाळणीपूर्वी कोकणातली कितीतरी माणसं जशी मुंबईला तशीच कराचीला पोटासाठी जात, आणि १९४७ नंतर एकाच घरातल्या चुली दोन देशांत पेटू लागल्या. १९५२ मध्ये पासपोर्ट-व्हिसा आला, तरी येणं-जाणं चालूच होतं, लग्नंही होत होती. मग १९६५ चा सप्टेंबर आला. युद्ध तीन आठवड्यांचंच झालं, जानेवारीत ताश्कंद करारही झाला. पण मुनाबाव-खोखरापारची रेल्वे त्या युद्धात बंद पडली ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. आमच्यासारख्यांना व्हिसा मिळणं दुरापास्त झालं. खालांचा जोडा, दागिने, सगळं तयार. पत्रं बहरीनला असलेल्या एका नातेवाइकामार्फत येत, कधी चार महिन्यांनी, कधी सहा. प्रत्येक पत्रात "यंदा नक्की". नानांनी ज़बान दिलेली होती, म्हणून खालांसाठी दुसरं स्थळ बघायचा प्रश्नच नव्हता. अशी सहा वर्षं गेली. १९७१ मध्ये पुन्हा युद्ध. दोन देशांचे राजनैतिक संबंधच तुटले, ते १९७६ मध्ये जुळले. त्यामधल्या एका वर्षी बहरीनमार्फत पत्र आलं की मुलाचा तिकडे निकाह होऊन दीड वर्ष झालं, कळवायचं राहून गेलं.

कळवायचं राहून गेलं. खालांना तेव्हा पंचविशी उलटली होती, आणि त्या काळी आमच्याकडे पंचविशी उलटलेल्या मुलीला जी स्थळं येत तीच आली. खालांनी कुणालाही दोष दिला नाही. मामूंच्या मुलाला तर नाहीच. "तो तरी काय करणार होता?" म्हणत. पण त्या सहा-सात वर्षांत घरातल्या एकानेही त्यांना विचारलं नव्हतं, "तुला थांबायचं आहे का?" हे त्यांनी अम्मीला एकदाच बोलून दाखवलं होतं, आणि त्यानंतर थेट त्या रविवारी, पडवीच्या दाराआडून.

अब्बा उठून आत आले. आपा चुलीपाशी तशीच बसलेली. अब्बांनी तिला विचारलं. तिला बोलायला बराच वेळ लागला. ती म्हणाली, "रमज़ान ईदीपर्यंत मी थांबते. त्यांचं काही कळलं नाही तर मग तुम्ही म्हणाल तसं. पण तोवर मला कुणी पायगुणाचं बोलायचं नाही. आणि चिठ्ठी आली तर मी पण वाचणार."

अब्बांनी बाहेर येऊन ते तसंच्या तसं सांगितलं. रत्नागिरीला नकार कळवला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या घरी जाऊन मोहलतीचं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. "शर्ती घालायला लागली मुलगी," असं म्हणाले म्हणे. आम्हाला आजही वाटतं की त्यांचा राग समजण्यासारखा होता. ज्यांचा मुलगा आगीत आहे त्यांच्याकडे जाऊन कॅलेंडर दाखवायचं, हे सोपं काम नव्हे. अब्बांनी ते केलं.

१७ जानेवारी १९९१ ला बॉम्बफेक सुरू झाली. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओटीवर गर्दी. पडद्यावर हिरवट आकाशात ठिणग्या उडताना दिसत आणि मुलं आतषबाजी बघितल्यासारखी बघत. बायका पदर तोंडाला लावून. त्याच आठवड्यात एके संध्याकाळी त्यांच्या अम्मी एकट्याच तरीतून खाडी ओलांडून आमच्याकडे आल्या. आम्हाला वाटलं, मंगनी मोडायला आल्या. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "ती कॅसेट असेल का? आमच्याकडे त्याचा आवाज नाही."

आपाने ट्रंकेतून कॅसेट काढली. पण देण्याआधी म्हणाली, "इथेच ऐकूया." दोघी एका चटईवर बसल्या. शेवटचं वाक्य आलं तेव्हा त्यांच्या अम्मींनी आपाकडे बघितलं. त्यांना ते वाक्य ठाऊकच होतं. कुणासाठी होतं ते त्या दिवशी कळलं असावं. कॅसेट घेऊन गेल्या आणि पुढच्या आठवड्यात परत घेऊन आल्या. मग ती खाडीच्या दोन्ही बाजूंना फिरतच राहिली. पायगुणाची भाषा त्यांच्या घरातून पुन्हा ऐकू आली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी कुवेत मोकळा झाला. इराकी सैन्याने जाताना तेलाच्या सातशेच्या आसपास विहिरी पेटवून दिल्या. मार्च गेला. रमज़ान आला. एप्रिलच्या मध्यावर ईद झाली. मोहलत संपली. बासी ईदीच्या दिवशी खाला आल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी आपाला बाजूला घेतलं. आपा म्हणाली, "अजून थोडे दिवस विचारू नका." खाला म्हणाल्या, "बरं." अब्बांनी काही म्हणायला तोंड उघडलं तर खालांनी हातानेच त्यांना गप्प केलं.

मे महिन्यात मुंबईहून तार आली: पोहोचलो. चार दिवसांनी ते गावात आले. इतके बारीक झालेले की पहिल्या नजरेत त्यांच्या अम्मीनेही ओळखलं नाही. आल्याच्या तिसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले, अब्बांसमोर बसले आणि म्हणाले, "चाचा, माझ्याकडे काही उरलेलं नाही. मेहेरचं सोनं, जमवलेले दिनार, सगळं गेलं. तुम्ही बांधील नाही. तिला मोकळं समजा."

अब्बांनी आधीचा धडा विसरला नव्हता. म्हणाले, "ती आत आहे. तिला विचारा. दार उघडं राहील, आम्ही इथे आहोत."

आपाने त्यांना विचारलेला पहिला प्रश्न आम्ही दाराशी बसून ऐकला. "ऑक्टोबरात गाव परत येत होता. तुम्ही का नाही आलात?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सांगितलं. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात होता, तिकडे तीच पद्धत. आणि मालक पळालेले. पासपोर्ट नसलेलेही पुष्कळजण कागदपत्रं करून निघाले होते, निघता आलं असतं. पण आठ महिन्यांचा पगार मालकाकडे बाकी होता. दुकान सांभाळलं तर मालक परत आल्यावर देईल, आणि त्या पगारावर डिसेंबरचा निकाह होता. "रिकाम्या हाताने कसा येऊ, असं वाटलं. नंतर रस्ताच बंद झाला."

"मला विचारलं असतंत," आपा म्हणाली, "तर मी रिकाम्या हाताने या म्हटलं असतं."

"विचारणार कसं? कुणामार्फत?"

याला आपाकडे उत्तर नव्हतं. पण तिचा राग गेला नाही. तो पुढे पुष्कळ वर्षं गेला नाही, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. त्या दिवशी तिने होही म्हटलं नाही. दोन दिवसांनी म्हटलं.

बकरी ईद झाली आणि मुहर्रम लागायच्या आत, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात निकाह झाला. मंडप नाही, बॅंड नाही. जमातीच्या भांड्यांत बिर्याणीऐवजी दालचा-भात. वऱ्हाड तरीतून आलं, गुडघ्यापर्यंत चिखल. मेहेर ठरला होता पाच तोळे. त्यातली एक अंगठी रोख, बाकी उधार. उधार मेहेर म्हणजे माफ मेहेर असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. त्यांना तसं वाटलं नाही. पाच तोळे पुरे व्हायला अकरा वर्षं लागली, पण झाले.

ते १९९२ मध्ये पुन्हा कुवेतलाच गेले. दुसरं काय करणार होते? आणि मग दोन वर्षांनी दोन महिने, दोन वर्षांनी दोन महिने, असा संसार अठरा वर्षं चालला. युद्धाने नऊ महिने ताटातूट केली त्याची गोष्ट आम्ही सगळे सांगतो. या अठरा वर्षांची कुणी सांगत नाही, कारण त्यात काही घडलं नाही. तीन मुलं झाली, त्यांतल्या एकाच्या जन्माच्या वेळी ते इथे होते. संयुक्त राष्ट्रांनी इराककडून भरपाई वसूल करण्यासाठी आयोग नेमला होता. कुवेत सोडावं लागलेल्यांनी सरकारमार्फत अर्ज भरले होते, त्याचे पैसे काही वर्षांनी हप्त्यांनी आले. त्यातून आपाने घरामागे विहीर बांधली. पैसे आले तेव्हा ते कुवेतमध्येच होते.

आमची विद्यार्थिनी जुम्याला परत आली. आम्ही तिला घेऊन आपाकडे गेलो. आपाने सगळं ऐकून घेतलं आणि आधी आमच्याकडे बघून म्हणाली, "व्हिडिओवर निकाह होतो का रे?" मुलं हल्ली मोबाईलवर काय काय करतात याचा तिला भरवसा नाही. आम्ही सांगितलं ते असं: दूर असलेल्या माणसाचा निकाह वकिलामार्फत होतो, ही जुनी रीत आहे. हजरत उम्मे हबीबा (रजि.) हबशात होत्या आणि रसूलुल्लाह (सल्ल.) मदिनेत. नजाशी बादशहाने तो निकाह लावून दिला आणि चारशे दिनार मेहेर अदा केला, अशी रिवायत आहे. इजाब-कबूल एकाच मजलिसमध्ये, साक्षीदारांसमोर व्हायला हवा, म्हणून बहुतेक उलमा नुसत्या व्हिडिओपेक्षा मुलाने इथे वकील नेमावा असं सांगतात. तेव्हा निकाह होईल. पण तो झाला की ती पत्नी. मग उद्या, अल्लाह न करो, काही झालं तर वायद्याचा नाही, कायद्याचा मामला. चार वर्षांचा, कोर्टाचा. मुलगी "पक्की" करण्याची घाई कुणाला आहे आणि का आहे, हे आधी बघायला हवं. घाई दोघांची असेल तर खुशाल वकील नेमा.

आपाने मुलीला वेगळंच विचारलं. "तो रोज बोलतो ना तुझ्याशी? त्याला सरळ विचार: उतरायचं मनात आहे, की अजून एक फेरी मारून पैसे जमवायचे आहेत? आमच्यांना विचारायची सोय नव्हती. तुझ्या हातात मोबाईल आहे."

मुलगी एकदम गप्प झाली. तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं की एवढ्या महिन्यांत तिने हे विचारलेलं नव्हतं.

परवा तिचे अब्बा आम्हाला बाजारात भेटले. थोडे नाराज होते. टीचरांनी पोरीला शिकवून पाठवलं, असं काहीसं पुटपुटले. मग म्हणाले की त्यांनी तिला समोर बसवून विचारलं. तिने सहा महिने सांगितलेत. मुलाला तिने काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, ते ती त्यांनाही सांगत नाही. हॉलवाल्याकडे मात्र आगाऊ रकमेची पावती अजून तशीच ठेवलीय, असं जाता जाता म्हणाले.